पदमपुरा ते चिकलठाणा: बिनगिअरची सायकल कोणती घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून सांगता येईल. गाव छत्रपती संभाजीनगर, राहायला पदमपुरा, कंपनी चिकलठाणा एमआयडीसीत, एका बाजूचं अंतर साधारण ९ किलोमीटर. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी साडेपाचला सुटायचं. अंगावर सलवार-कमीज, सोबत डबा आणि कागदांची बॅग. उंची ५ फूट २ इंच. गिअरच्या सायकलीला तुम्ही कंटाळलात, कारण तिचा मागचा गिअर महिन्यातून दोनदा जुळवून घ्यावा लागायचा. आता बिनगिअरची म्हणजे सिंगल-स्पीड घ्यायची आहे आणि समोर तीन सायकली आहेत: वडिलांची २२ इंची फ्रेमची काळी सायकल, भाऊ द्यायला तयार असलेली त्याची फिक्सी (चाक फिरेल तोवर पायडलही फिरत राहणारी सायकल), आणि दुकानात बघून ठेवलेली २६ इंची चाकांची, वाकड्या दांड्याची लेडीज सायकल. तिन्हींचे दाते मोजून तुम्ही लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. सायकलीबद्दल विचारणारे बहुतेक जण रंग सांगतात.

दुकानातली घ्या. पण तिचं मागचं १६ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र, काढून तिथं १८ दात्यांचं बसवून घ्या, आणि मगच घरी आणा. का, ते आता सांगतो.

मी २७ वर्षं सायकली दुरुस्त करतोय. सुरुवातीची बरीच वर्षं जालन्यात काढली. सळईच्या मिलमध्ये पाळीला जाणारे कामगार माझे गिऱ्हाईक होते. सगळ्यांकडे काळी दांड्याची सायकल, मागे कॅरियरला डबा. ती माणसं दुकानात येऊन काय म्हणायची ते मला अजून आठवतं. सकाळच्या रस्त्याची तक्रार कोणीच करायचं नाही. "मिस्त्री, येताना सायकल जड जाते," असंच म्हणायची. आधी मला वाटायचं बेअरिंग आवळलं असेल. चाक उचलून फिरवून बघावं तर गरगर फिरायचं. छर्रे बदल, ग्रीस भर, सगळं करून झालं. मग कळलं की सायकल दोन्ही वेळा तीच असते. बदललेली असतात दोनच गोष्टी, दिवसभर काम केलेलं अंग आणि वारा.

तुमच्या वाटेवर हा वारा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पदमपुरा शहराच्या पश्चिमेला, चिकलठाणा पूर्वेला. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटापासून ते पावसाळ्यापर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, आणि जून-जुलैत तर पाऊस नसला तरी वारा सुटलेलाच असतो. त्यात सकाळी तो मंद असतो आणि दुपारनंतर चढतो. म्हणजे सकाळी तुम्ही निघाल तेव्हा थोडासाच, तोही पाठीशी. संध्याकाळी परत याल तेव्हा भरात आलेला, आणि थेट तोंडावर. सायकलवाल्याला चढ परवडतो, कारण चढ संपतो. मुकुंदवाडीपासून क्रांती चौकापर्यंतचा वारा संपत नाही. गिअरवाल्या सायकलीत माणूस अशा वेळी हलका गिअर टाकतो. तुमच्याकडे एकच गिअर असणार आहे. म्हणून तो एक गिअर जूनमधल्या संध्याकाळी साडेपाचला थकलेल्या पायांना झेपेल असाच हवा. दुकानासमोर सकाळी दहाला मारलेल्या एका चकरीवरून हे कळत नाही. त्या चकरीत जड गिअरची सायकल उलट छान वाटते, एका पायडलमध्ये लांब पळते, आणि तिथंच माणूस फसतो.

आता हिशेब. पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते, एवढा एकच आकडा बघायचा. पुढच्या चेनव्हीलच्या, म्हणजे पायडलपाशी असलेल्या दातेरी चक्राच्या, दात्यांना मागच्या फ्रीव्हीलच्या दात्यांनी भागायचं आणि चाकाच्या घेराने गुणायचं. तुम्ही पाठवलेल्या दात्यांवरून असं निघतं: वडिलांची सायकल ४४ आणि १८, मोठं २८ इंची चाक, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ५.५ मीटर. भावाची फिक्सी ४६ आणि १६, पातळ टायर, तरी ६.१ मीटर. दुकानातली ४४ आणि १६, चाक २६ इंची, सुमारे ५.७ मीटर. आणि तीच दुकानातली मागे १८ दाते लावून बरोबर ५ मीटरच्या आसपास येते.

रोज कामावर जाण्यासाठी, सपाट गावात, सामानासकट, मी ५ मीटर धरतो. तरुण, सवयीचा माणूस असेल तर ५.३. त्याच्या वर कोणाला देत नाही. पायडलचे मिनिटाला ६० फेरे, म्हणजे अगदी आरामाचे, मारलेत तर ५ मीटरला ताशी १८ किलोमीटर पडतात. सिग्नल धरून तुमचे ९ किलोमीटर ३५ ते ४० मिनिटांत होतात, आणि जालना रोडवर याहून घाई करण्यात काही मिळत नाही. आता वाऱ्याची संध्याकाळ घ्या. वेग ताशी १२ वर आला. ६.१ मीटरवाल्या फिक्सीवर पायडल मिनिटाला ३३ वेळाच फिरतं, म्हणजे प्रत्येक दाबाला गुडघा कण्हतो. ५ मीटरला तेच फेरे ४० होतात आणि पायावरचा जोर जवळजवळ सहाव्या हिश्श्याने कमी होतो. गुडघा दुखायला लागला की माणूस सायकल सोडतो, महिनाभरात ती जिन्याखाली जाते. तशा जिन्याखालच्या सायकली मी खूप बाहेर काढल्यात.

दाते मोजणं कोणाला जमत नसेल तर एक सोपी पद्धत सांगतो. दुकानाच्या फरशीवर मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह खाली आणा, तिथं खडूने रेघ मारा. एक पायडल बरोबर खाली ठेवा. आता सायकल हाताने धरून पुढे ढकला आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने पायडल फिरवत राहा, चेन ताणलेली राहील अशी. तेच पायडल पुन्हा तळाला आलं की थांबा, चाक जिथं टेकलंय तिथं दुसरी रेघ मारा, आणि टेपने मोजा. ही मोजणी सगळं धरून येते, टायरची जाडीसुद्धा. दुकानदाराला विचित्र वाटेल, वाटू द्या.

फ्रीव्हील बदलणं हे मोठं काम नाही. नव्या सायकलीवर तर पाच मिनिटांचं. काही शे रुपयांत होतं, आणि विकत घेतानाच सांगितलं तर दुकानदार बहुतेक वेळा जुनं ठेवून फरकच घेतो. फक्त एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्या. दोन दाते वाढले की त्याच चेनवर मागचं चाक फ्रेमच्या खाचेत साधारण ६ मिलिमीटर पुढे येतं. खाचेत तेवढी जागा आहे का ते बघा. नसेल तर चेनला कडी वाढवावी लागेल. घाईत असलेला मिस्त्री चाक कसंतरी पुढे दाबून नट आवळून देतो, चेन ताठ राहते, आणि मग पायडल फिरताना करकर आवाज येतो. चेन मधोमध बोटाने वर-खाली हलवली तर अर्धा इंच हलली पाहिजे. आणि हे पायडल हळूहळू पूर्ण फिरवत तीन-चार जागी बघायचं, कारण चेनव्हील कधीच शंभर टक्के गोल नसतं. जिथं सगळ्यात ताठ लागते तिथं अर्धा इंच ढील हवी.

वडिलांच्या सायकलीबद्दल तुम्ही लिहिलंय, "घरात उभीच आहे, वापरली तर त्यांनाही बरं वाटेल." मन मोडायला नको वाटतं, पण स्पष्टच सांगतो. दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभ्या राहा. दोन्ही टाचा जमिनीला टेकत असतील आणि दांडा आणि शरीर यांच्यात दोन बोटं जागा राहत असेल तरच ती तुमची सायकल. ५ फूट २ इंचांना २२ इंची फ्रेमवर हे होत नाही. सिग्नलला दर वेळी एका बाजूला कलून उतरावं लागेल, आणि तुमच्या वाटेवर सिग्नल किती आहेत ते तुम्हीच मोजा. एरवी ही सायकल मला फार प्रिय आहे. वजन वीस किलोच्या पुढे, पण रुंद टायर, भक्कम कॅरियर, मिटलेलं चेनकव्हर, सरळ बसायची ठेवण, सगळं रोजच्या कामासाठीच बनलेलं. साडेपाच फुटांच्या पुढच्या कोणी हाच प्रश्न विचारला असता तर मी म्हटलं असतं, तीच ओव्हरऑइल करून घ्या, मागे २० दाते लावा, दुसरी बघूच नका.

तिचा एक दोष मात्र त्यालाही सांगितला असता. चकचकीत लोखंडी रिम. पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. जालन्यात पहिल्या पावसाच्या दिवशी दुकानात वाकलेली पुढची चाकं यायची, ती याच कारणाने. माणूस कोरड्यातल्या सवयीने ब्रेक दाबतो, सायकल थांबतच नाही. तुम्ही बघून ठेवलेल्या सायकलीचा रिम ॲल्युमिनियमचा आहे का, हे तपासा. दिसायला दोन्ही पांढरेच. घरातून फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घेऊन जा आणि रिमला लावा. चिकटलं तर लोखंड. तसं असेल तर सरळ दुसरं मॉडेल बघा, रंग आवडला नाही तरी चालेल. ॲल्युमिनियमचा रिम आणि दोन्ही चाकांना बाजूने पकडणारे साधे ब्रेक एवढं पुरतं. स्वस्तातल्या डिस्क ब्रेकच्या मागे लागू नका. त्याची चकती जराशी वाकली की दिवसभर घासत राहते, आणि वारा कमी होता म्हणून की काय, तो घासण्याचाही जोर तुमच्याच पायांवर येतो.

फिक्सी. हा भाग थोडा कडक वाटेल, पण भावालाही वाचून दाखवा. फिक्सीत मागे फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. गतिरोधकावर आपण पायडल आडवी धरून उभं राहतो, ते तिथं जमत नाही. वळणावर आतलं पायडल जमिनीला लागू शकतं. हे सगळं सरावाने जमतं असं भाऊ म्हणेल, आणि त्याला जमतही असेल. पण चेन उघडी आहे. सलवारीची मोहरी किंवा ओढणीचं टोक चेनमध्ये गेलं तर साध्या सायकलीवर पाय थांबवला की चेन थांबते. फिक्सीवर सायकलीचा सगळा वेग ते कापड आत ओढत राहतो. या एका कारणासाठी माझं उत्तर ठाम नाही असं आहे. भावाला एवढंच सांगा की मागच्या हबच्या दुसऱ्या बाजूलाही आटे दिसत असतील तर तिथं फ्रीव्हील बसतं. चाक उलटं करून लावायचं, मागे ब्रेक बसवायचा, आणि त्यानेही तीच सायकल तशी चालवावी.

त्यावरून चेनकव्हर. दुकानात बरेचदा वरच्या बाजूला अर्धी पट्टी असलेलं प्लास्टिकचं कव्हर असतं. तुम्हाला पूर्ण मिटलेलं पाहिजे, शक्य असेल तर पत्र्याचं. ओढणी तर वाचतेच, पण आपल्या धुळीत चेनचं आयुष्यही वाढतं. फेब्रुवारी ते मे तेल लावलेल्या उघड्या चेनवर धुळीची पेस्ट बसते आणि ती कानशीसारखी दाते खाते. चेन झिजली का हे बघायला पट्टी पुरते. चेनच्या एका पिनच्या मध्यापासून पुढे २४ कड्या मोजा, नव्या चेनला हे अंतर ३०५ मिलिमीटर भरतं. ३०८ झालं की चेन बदला. वेळेत बदलली तर फ्रीव्हील वाचतं, नाहीतर दोन्ही एकदम जातात. मागच्या चाकावर, कॅरियरखाली, जाळीही लावून घ्या. ती लेडीज सायकलला पूर्वी असायचीच, आता मागून घ्यावी लागते.

टायर रुंद घ्या, दीड इंच किंवा जास्त. काटे आपल्याकडे दोन प्रकारचे त्रास देतात. वेड्या बाभळीचा काटा लांब, तो आरपार जातो आणि लगेच कळतं. सराटे लहान, ते आत रुतून तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं सापडतं. पंक्चर काढून झालं की टायरच्या आतून बोट फिरवायच्या आधी जुनं कापड फिरवा. टोक असेल तिथं ते अडकतं. काटा तसाच ठेवून नवी ट्यूब घातली तर ती संध्याकाळपर्यंतच टिकते.

हवेबद्दल मराठवाड्यात एक समज घट्ट बसलाय, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतं. सावलीत भरलेली हवा भर उन्हात तापून दाब वाढतो हे खरं, पण ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली तरी तो दहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो. चांगलं टायर तेवढं सहज सोसतं. जे फुटतं ते बाजूने चिरलेलं असतं किंवा रिममध्ये नीट बसलेलं नसतं. उलट हवा कमी ठेवली की सायकल जड होते, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि टायरच्या कडा तडकतात. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा वाचा, तेवढी भरा. कंपनीत सायकल सावलीत लावायची मात्र खटपट करा, कारण ऊन रबरालाच खातं.

जालना रोडवरचे पूल. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, एकावर एक येतात. ५ मीटरच्या गिअरने ते चढता येतात, पण चढू नका. पुलावर वाहनं वेगात असतात आणि कडेला सायकलला सुटी जागा नसते. खालून सिग्नलने जा. म्हणजे थांबणं आणि पुन्हा निघणं वाढतं, आणि प्रत्येक वेळी शून्यातून सायकल उचलायची ती त्याच एका गिअरवर. हलका गिअर इथंही कामाला येतो.

सिग्नलवरून जोरात निघण्याचा एक परिणाम नव्या सायकलीवर पहिल्या महिन्यात दिसतो. चेन मागच्या एक्सलला उजवीकडून ओढते, नट जरा ढिले असतील तर चाक तिरकं होतं आणि टायर डाव्या नळीला घासायला लागतं. घाबरायचं कारण नाही, सायकल बिघडलेली नसते. नट सैल करा, चाक मधोमध आणा, चेनची ढील बघा, दोन्ही बाजू आलटूनपालटून आवळा. त्या नटाला बसणारा पान्हा घेतानाच तपासून बॅगेत टाका. घेताना मागच्या खाचेत चेन ताणायचे स्क्रू आहेत का, हेही विचारा. ते असले की ही तक्रार सहसा येतच नाही.

सीट. नवीन चालवणाऱ्यांची सीट जवळजवळ नेहमी खाली असते, कारण पाय टेकायची भीती. भिंतीला हात धरून बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाला न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना तो जरासा वाकलेला राहतो. सुरुवातीला एक इंच खाली ठेवा, आठवड्याने वर घ्या. बिनगिअरच्या सायकलीत सगळा जोर गुडघ्यातून जातो, खालच्या सीटवर तो दुप्पट दुखतो.

अजून एक, तुमच्या वाटेचीच गोष्ट. सकाळी पूर्वेला जाताना ऊन तुमच्या डोळ्यांवर, संध्याकाळी पश्चिमेला येताना पुन्हा डोळ्यांवर. तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर. त्याला तुम्ही काळी आकृती दिसता, किंवा दिसतही नाही. मागे लाल लुकलुकता दिवा दिवसाही चालू ठेवा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला सुटून तुम्ही अंधारातच घरी पोहोचणार, तेव्हा पुढचा दिवाही हवाच.

हे सगळं परभणी, नांदेड, लातूर अशा सपाट शहरांनाही लागू पडतं. अंबाजोगाई, धाराशिवकडच्या कोणी बालाघाटाच्या चढ-उतारांत रोज जायचं असेल तर त्यांनी मागे २२ दाते लावावेत, नाहीतर गिअरचीच सायकल घ्यावी. तिथं हट्टाने बिनगिअरची नको. आणि शेतातल्या वाटेने जाणार असाल तर मडगार्ड आणि टायर यांच्यात अंगठा सहज जाईल एवढी फट बघा. काळ्या मातीचा चिखल बसला की चाक जागच्या जागी जाम होतं, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

दुकानातून आणल्यावर पहिल्या पंधरा दिवसांनी, म्हणजे साधारण २०० किलोमीटर झाले की, एकदा परत न्या. नवी चाकं बसतात, आरे ढिले होतात. सायकल उलटी करून चाक फिरवा, ब्रेकच्या रबरापाशी डोळा ठेवा. रिम डावी-उजवी डुलत असेल तर आउट काढून घ्या. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना लावलेली असतात ते दांडे, हाताने बाहेर-आत हलवून बघा. जराही खटखट वाटली तर त्याच दिवशी आवळून घ्या. ढिल्या क्रँकवर चालवत राहिलं तर आतलं चौकोनी भोक खराब होतं, मग क्रँकच बदलावा लागतो. आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते स्वतः पुन्हा मोजा, १८ भरले पाहिजेत.